पुण्यात राहून एखाद्या नाचाच्या गावापर्यंत कसं पोचायचं

संस्कृती बघायची म्हणून आपण आधी गाव ठरवतो, रूम बुक करतो आणि तिकडे पोचल्यावर एखादा कार्यक्रम आहे का ते शोधत बसतो. माझं म्हणणं, उलटं करून बघा. आधी एक नाच धरा, एकच, तो जिथे नेईल तिथे त्याच्या हंगामात जा, जमेल तेवढा स्वतःच्या अंगाने शिका आणि मग त्याची गोष्ट आपल्या माणसांना सांगा. पुण्यात राहणाऱ्याला हे तसं सोपं आहे, कारण तमाशा आणि जागरण इथून दीड-दोन तासांवर, वारी तर शहरातूनच जाते, आणि कथक-भरतनाट्यमचे क्लास जवळपास प्रत्येक भागात आहेत. मी गेली काही वर्षं असंच फिरतेय, त्यातून जे कामाला आलं ते लिहितेय.

नाच कुठला धरायचा? घरातला. मंगळागौर, शाळेतली लेझीम, लग्नानंतरचा गोंधळ नाहीतर जागरण, कोकणातले असाल तर गणपतीतली जाखडी, वारकरी घर असेल तर पावली, काहीतरी निघतंच. मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, पण कसं विचारता त्याला फार महत्त्व आहे. "आजी, तुमच्या वेळची परंपरा सांग ना" म्हटलं की "काय सांगायचं, खेळायचो आम्ही" एवढंच मिळतं. त्याऐवजी "आजी, पिंगा कसा घालायच्या ते दाखव" म्हणा. हातपाय हलायला लागले की गाणं आठवतं, गाण्यामागून मैत्रिणींची नावं येतात, कुणाच्या वाड्यात रात्र जागवली, कुणाची सासू अर्ध्यातून बोलावणं पाठवायची, सगळं येतं. माझ्या आजीने फुगडीचा एक प्रकार दाखवता दाखवता सांगितलं की तिच्या धाकट्या बहिणीला नवरा गेल्यावर मंगळागौरीला कुणी बोलवेना. श्रावणातला मंगळवार, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, रात्रीचा जागर, हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, पण या खेळातून कुणाला बाहेर ठेवत होते ते आजी खेळायला उभी राहिली तेव्हा कळलं. म्हणून सांगते, आधी खेळायला लावा, प्रश्न नंतर.

रेकॉर्डिंग कराच, पण पहिल्या वेळी नुसता आवाज घ्या. कॅमेरा समोर आला की बायका पदर सावरून ताठ बसतात आणि बोलणं एकदम भाषणासारखं होतं. आणि घरात कुणाला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही घ्या, त्यात नाच नाही पण बाईने स्वतःच्या आयुष्याबद्दल मोकळं बोलण्याची तऱ्हा तिथे ऐकायला मिळते. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी मुळशीच्या बाजूने सुरुवात करून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आता त्या परीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर ऐकता येतात. तासभर ऐका, मग स्वतःची गोष्ट कशी सांगायची याचा अंदाज येतो.

आता शिकण्याबद्दल. प्रवासाआधी निदान काही आठवडे तरी अंगाला तो ताल लागू द्या. ढोल-ताशा शिकायचा असेल तर गणपतीच्या साधारण दोन महिने आधी पथकांचे सराव सुरू होतात, नवीन लोकांना घेतात, आणि कमरेला ढोल बांधून तासभर उभं राहिल्यावर लक्ष्मी रोडची मिरवणूक तुम्ही पुन्हा पूर्वीच्या नजरेने बघूच शकत नाही. कथकसाठी तर पुण्याला मोठा वारसा आहे, रोहिणी भाटे यांनी 1947 साली इथे नृत्यभारती सुरू केली आणि त्यांच्या शिष्या, शिष्यांच्या शिष्या आज शहरभर शिकवतायत, मोठ्या वयाच्या बायकांच्या बॅचही असतात. वय झालं, वजन वाढलं म्हणून थांबू नका, इथे परफॉर्म करायचं नाहीये. चक्कर घेताना नजर कुठे ठेवायची, श्वास कुठे सुटतो, एवढं जरी कळलं तरी समोरचा नाचणारा माणूस कुठे कष्ट घेतोय ते दिसायला लागतं. अजून एक, बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि कॅम्पातलं क्वीन्स गार्डनजवळचं आदिवासी संग्रहालय एकेक दुपार काढून बघून या, वाद्यं आणि मुखवटे जवळून बघून ठेवले की गावात गेल्यावर नावं विचारत बसावं लागत नाही.

मग कॅलेंडर. इथेच बरेच लोक चुकतात, सुट्टी आहे म्हणून जातात आणि तिथे काही चालू नसतं. नाचाचा हंगाम शेतीवर आणि देवावर ठरतो. ज्येष्ठात पालख्या पुण्यात येतात, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात ढोल-ताशा आणि रत्नागिरीकडे जाखडी, भात तयार झालं की पालघरकडे तारपा, पावसाळा संपून कार्तिक लागला की सिंधुदुर्गात दशावतार, मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरी, फाल्गुनात शिमगा आणि सातपुड्यातली होळी, आणि चैत्र-वैशाख म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि तमाशा. आधी हे कॅलेंडरवर मार्क करा, मग ऑफिसात रजा टाका.

पहिल्या ट्रिपसाठी मी नारायणगावच सांगेन. पुण्याहून नाशिक रोडने साधारण 75 किलोमीटर, एसटी भरपूर आहेत. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, फडमालक बसलेले असतात आणि गावागावाचे कारभारी येऊन जत्रेसाठी सुपारी देतात. हा व्यवहार बघणं हाच मुळात एक मोठा अनुभव आहे, कुठल्या तारखेला कुठलं गाव, किती कलाकार, वग (तमाशातलं शेवटचं नाट्य) कुठला, रेट किती, सगळी घासाघीस तिथल्या तिथे होते. राहुटीत जाऊन नमस्कार करून सरळ सांगा की आम्हाला तमाशा बघायचाय, जवळच्या कुठल्या जत्रेत येऊ? लोक आनंदाने सांगतात. आणि मग त्या जत्रेला जा, रात्री उशिरापर्यंत थांबायच्या तयारीने, स्वेटर आणि पाण्याची बाटली घेऊन. गण म्हणजे गणपतीचं नमन, मग कृष्ण आणि गवळणींची गवळण, त्यात ती मावशी आणि पेंद्या, मग विनोदी बतावणी, आणि शेवटी वग, असा क्रम असतो. शहरातली मंडळी लावण्या झाल्या की उठतात, तसं करू नका, वगापर्यंत थांबा, कारण गावाबद्दल, पुढाऱ्यांबद्दल, जातीबद्दल जे काही बोलायचं ते कलाकार तिथे बोलतात आणि पब्लिक कुठे हसतंय, कुठे गप्प होतंय त्यावरून त्या भागाचं बरंच काही कळतं.

जाण्याआधी तमाशातल्या मोठ्या कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याबद्दल वाचून जा. फडावर असतानाच बाळंत झाल्या आणि पुन्हा स्टेजवर उभ्या राहिल्या ही त्यांची गोष्ट सगळे सांगतात, आणि सांगताना फक्त कौतुक करतात. मला ती ऐकताना दरवेळी राग येतो, की त्या रात्री बाईला थांबता का आलं नाही. राष्ट्रपती पदक मिळालेली ही बाई 2002 साली गेली, शेवटची वर्षं हलाखीत काढून, आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. लावणीबद्दल बोलताना हा सगळा हिशोब डोक्यात ठेवा, नटवी साडी आणि ढोलकीचा तोडा एवढ्यावर थांबू नका.

लावणीच बघायची असेल तर सोलापूर रोडला केडगावजवळ चौफुला आहे, तिथे संगीत बारीची कला केंद्रं आहेत. फडाच्या तमाशापेक्षा हा प्रकार वेगळा, इथे वग नसतो, पेटी-तबला-ढोलकी घेऊन बायकांच्या पार्ट्या असतात आणि एकेका पार्टीची मालकीण असते. जमलं तर बैठकीची लावणी ऐका. बसूनच करतात, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात आणि दरवेळी चेहऱ्यावर, हातावर अर्थ वेगळा. वाईच्या यमुनाबाई वाईकर यात फार मोठ्या, 2012 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली गेल्या. त्यांची रेकॉर्डिंग ऐकून गेलात तर समोर काय चाललंय ते पटकन कळेल.

बायकांनी जायचं असेल तर आधी फोन करून कुठल्या वेळेला बरं पडेल ते विचारा आणि ग्रुपने जा. आणि वागण्याचं मी जरा ठासून सांगते. मोबाईल खिशात ठेवा. बऱ्याच कलाकारांची मुलं दुसऱ्या गावात शाळेत असतात आणि आई काय करते हे तिथे माहीत नसतं, तुमच्या एका रीलने एखाद्या पोराची शाळा सुटू शकते. शूट करायचं तर आधी मालकिणीला आणि मग त्या त्या बाईला विचारा, नाही म्हणाली तर विषय संपला. पैसे द्यायचे तर नीट हातात द्या, उधळू नका. कार्यक्रमानंतर बोलायला मिळालं तर "ताई, पायात चाळ बांधायला कुणी शिकवलं?" असं काहीतरी कामाचं विचारा. तुम्ही या लाइनमध्ये का आलात हे विचारूच नका, ते त्यांना शंभर जणांनी विचारलेलं असतं आणि त्यामागे काय हेतू असतो ते त्यांना बरोबर कळतं.

जेजुरीबद्दल थोडक्यात. मिरज लाइनच्या रेल्वेने किंवा एसटीने जा, भंडाऱ्याने कपडे पिवळे होणार हे धरून चाला, आणि गडावरचं दर्शन झालं की परत फिरू नका, कुणाच्या तरी घरचं जागरण बघायला मिळतंय का ते विचारा. वाघ्याची दिमडी, तुणतुणं, मुरळीच्या हातातली घंटी आणि मधेमधे कथा, रात्रभर गोष्ट आणि नाच कसे एकत्र चालतात ते शिकायला याच्याइतकी चांगली जागा मला तरी सापडलेली नाही. मुरळी म्हणून मुलगी देवाला सोडायची प्रथा राज्याच्या 2005 च्या कायद्याने गुन्हा ठरलीये, आज जागरणात नाचणारी मुरळी कलाकार म्हणूनही आलेली असते, तेव्हा मनाने काही ठरवून बोलू नका.

वारीत पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा चाला, तीस किलोमीटरच्या आसपास आहे. आदल्या दिवशी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिराच्या परिसरात जाऊन एखाद्या दिंडीच्या विणेकऱ्यांना किंवा चोपदारांना विचारून ठेवा, परवानगीशिवाय रांगेत घुसू नका. पावली कुणीही शिकवतं, "माउली, जरा दाखवा ना" म्हटलं की झालं. मोठ्या टप्प्यात शेवटी शेवटी पाय टाळाच्या जोरावरच चालतात, हे चालल्याशिवाय समजत नाही.

लांब जायचं असेल आणि भरतनाट्यमची आवड असेल तर तंजावर गाठा. हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना नवीन वाटतं, पण शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून तिथे मराठ्यांचं राज्य होतं, व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्यासारख्या तिथल्या राजांनी स्वतः रचना केल्या, आणि दुसरे सरफोजी (1798 ते 1832) यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, ज्यांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा, सुरुवातीच्या अलारिपूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंतचा, आजचा क्रम बसवला. पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तिथल्या मराठी रचना शोधून स्टेजवर आणल्या, त्या आधी ऐका. मग सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळातला मोठा मराठी शिलालेख बघा. तमिळ मुलखात भिंतीवर आपली भाषा वाचताना मला खूप भरून आलं होतं, आणि तमिळ गुरूंनी घडवलेला नाच आपण "आपला" म्हणताना किती जपून म्हटलं पाहिजे हेही तिथेच जाणवलं.

आता गोष्ट सांगणं. परत आल्यावर दोन-तीन दिवसांत लिहा, नंतर सगळं गुळगुळीत होतं. वहीत तीन भाग करा: मी डोळ्याने काय बघितलं, मला कुणी काय सांगितलं, आणि मला काय वाटलं. हे तीन एकमेकांत मिसळले की खोटं शिरतं, अगदी चांगल्या मनाने लिहिलेलं असलं तरी. सुरुवात माहितीने करू नका, एका माणसाच्या एका हालचालीने करा, आजीचा पिंगा, ढोलकीवाल्याचा अंगठा, काहीही. त्यात स्वतःचं घर आणा, कारण तुम्ही पुण्याच्या फ्लॅटमधून तिथे गेलात हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. नावं परवानगी असेल तरच.

मग घरीच दहा-बारा जणांना बोलवा, सोसायटीचा हॉल असेल तर उत्तम. वीस मिनिटांच्या वर बोलू नका, मधे उठून एक स्टेप करून दाखवा आणि सगळ्यांना करायला लावा, नंतर आलेल्यांपैकी ज्येष्ठ मंडळींना बोलू द्या, तिथून पुढचा नाच हमखास सापडतो. आणि हे सगळं करायच्या आधी, ज्यांची गोष्ट आहे त्यांना फोनवर वाचून दाखवा, ते म्हणतील ते बदला. फोटो काढू दिले असतील तर व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका, प्रिंट काढा, मोठ्या साइजचे, आणि पुढच्या हंगामात स्वतः नेऊन द्या. फड त्या रात्री कुठल्या गावी आहे ते नारायणगावच्या राहुटीत विचारलं की लगेच कळतं.