जुना जाड पन्हळी पत्रा: पारख, सफाई आणि पुन्हा बसवणी

मुंबईत जुन्या चाळीची दुरुस्ती निघाली की छपराचा पत्रा सर्वांत आधी उतरतो आणि बहुधा त्याच दिवशी भंगाराच्या भावाने जातो. त्यातला काही पत्रा खरोखरच संपलेला असतो. पण काही पत्रा असा असतो की त्याच्या जाडीचा माल आज घरगुती छपरासाठी दुकानात सहसा ठेवलेला नसतो. तो ओळखावा कसा आणि पुन्हा कामाला लावावा कसा, हे पुढे दिले आहे.

हेन्री रॉबिन्सन पामर यांनी 1829 साली लंडनमध्ये पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. पन्हळी पाडल्याने सपाट पत्र्याला लांबीच्या दिशेने इतका ताठपणा येतो, की जाड पत्रा कमानीसारखा वाकवून त्याखाली कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी आधार-सांगाडा, न देताही छप्पर उभे करता येत असे. 1837 नंतर जस्ताचा लेप देण्याची पद्धत रुळली आणि हा पत्रा गोदामे, गिरण्या, रेल्वेच्या शेड आणि पाण्याच्या टाक्या अशा सगळ्या कामांत शिरला. लोखंडी तुळयांच्या मधे वाकवलेला पत्रा ठेवून त्यावर काँक्रीट ओतायचे आणि पत्रा कायमचा तिथेच राहू द्यायचा, अशाही जमिनी बांधल्या गेल्या. म्हणून जुन्या इमारतीच्या छतात पन्हळी दिसली, तर ती निव्वळ सजावट समजून उचकटू नये, आधी संरचना अभियंत्याला दाखवावी. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर झडीपासून आडोसा म्हणून ठोकलेला पत्राही याच घराण्यातला.

पहिले काम ओळख पटवण्याचे. पत्र्याला लोहचुंबक लावावे. चिकटला नाही आणि पत्रा राखाडी, ठिसूळ, जाडजूड दिसत असेल, तर तो सिमेंटचा, म्हणजे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा आहे असे धरून चालावे. तो कापू, घासू किंवा फोडू नये आणि काढण्यासाठी जाणकार माणूसच बोलवावा. चुंबक चिकटले, तर कडेच्या शाबूत भागाची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचे माप. त्याचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. ब्रिटिश तारमापानुसार 18 गेज म्हणजे सुमारे 1.22 मिमी आणि 24 गेज म्हणजे सुमारे 0.56 मिमी. गेजचे तक्ते एकाहून अधिक असल्याने व्यवहारात मिलिमीटरच बोलावेत.

आमच्या चाळीच्या गच्चीवरील शेडचा पत्रा उतरवला, तेव्हा वरून तो पूर्ण तांबूस होता. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढले होते तिथे गंज सर्वांत खोल होता, कारण जोडात शिरलेले पाणी लवकर वाळत नाही. पण मधल्या भागावर ओला कपडा फिरवला आणि खालून जस्ताची निळसर फुले, म्हणजे लेपावरची स्फटिकांची नक्षी, वर आली. असा पत्रा हातोडीच्या लाकडी दांड्याने वाजवला, की खणखणीत आवाज येतो. जिथे आवाज बद येतो आणि टोच्या लावल्यावर पापुद्रे सुटतात, तेवढा भाग कापून टाकावा. कापण्यासाठी पत्र्याची कातरी बरी. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी शेजारचे जस्त जळते. गॅसने तर कापूच नये, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

सफाईची सुरुवात गोड्या पाण्याने करावी. समुद्राच्या हवेतील मीठ पन्हळीच्या तळाशी साचते आणि ते न धुता रंग दिला, तर गंज रंगाखाली वाढत राहतो. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज काढावा, मात्र शाबूत जस्त घासून घालवू नये. जुना रंग असेल, तर त्यात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, ओला करून काढावा, तोंडावर योग्य मास्क बांधावा आणि मुलांना लांब ठेवावे.

रंगाच्या बाबतीत आम्ही एकदा चुकलो. जस्तावर थेट तेलरंग फासला आणि वर्षभरात तो पोपड्यांनी सुटला, कारण तेल आणि जस्त यांच्या अभिक्रियेतून साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड जाते. उघड्या लोखंडावर जस्तयुक्त प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) आणि शाबूत जस्तावर त्यासाठीच बनवलेला एच (etch) प्रायमर, हा क्रम पाळावा.

बसवताना पत्रा उलटा करण्याचा मोह होतो, कारण खालची बाजू चांगली दिसते. तो आवरावा, पन्हळीच्या माथ्यावरची जुनी भोके उलट्या पत्र्यात तळाशी येतात आणि पाणी तर तिथूनच वाहते. नवी भोकेही माथ्यावरच पाडावीत, पत्रा धरणाऱ्या J आकाराच्या जे-हुकाच्या नटाखाली रबरी किंवा डांबरी वॉशर घालावा आणि जुनी भोके सीलंटने बुजवावीत. शेजारचा जोड किमान दीड पन्हळीचा, वरखालचा जोड निदान 150 मिमीचा असावा. मुंबईचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून उतार उत्तर किंवा दक्षिणेकडे असल्यास काम पूर्वेच्या टोकापासून सुरू करून पश्चिमेकडे सरकावे, म्हणजे प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याच्या आड राहते. तांब्याच्या पाइपाचे पाणी पत्र्यावर पडू देऊ नये. जाड पत्रा जड असतो. 1 मिमी जाडीचा 1 चौरस मीटर सपाट पत्राच सुमारे 7.85 किलो भरतो, तेव्हा जुने वासे हे ओझे पेलतील का हे आधी तपासावे. छपरावर पाय नेहमी पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याला खालून पेलणाऱ्या आडव्या दांड्याच्या, रेषेवरच ठेवावा.

पहिला मोठा पाऊस पडत असतानाच विजेरी घेऊन आतून प्रत्येक जोड पाहावा आणि जिथे थेंब दिसेल तिथे पर्लिनवर खडूने खूण करावी. पाऊस ओसरल्यावर ती जागा शोधून सापडत नाही.