लेसरने वीज पाठवताना रिसीव्हरवर प्रकाश सारखा कसा पसरवायचा

लेसरचा ठिपका मधोमध प्रखर, कडेला फिका असतो. रिसीव्हर म्हणजे लेसरच्या प्रकाशाची वीज करणाऱ्या सोलर सेलचं पॅनेल. सिरीजमधल्या, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या, सेलमधून सगळ्यांत कमी उजेड मिळणाऱ्या सेलइतकाच करंट वाहतो. कोपऱ्यातला एक सेल उपाशी राहिला की अख्खं पॅनेल बसतं.

आधी मोजा. 808 नॅनोमीटरचा लेसर जेमतेम दिसतो, म्हणून ती तरंगलांबी अडवणारा सेफ्टी चष्मा घातल्याशिवाय स्विच दाबूच नका. पॉवर कमी ठेवून प्रत्येक सेलचा शॉर्ट-सर्किट करंट (दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट) मल्टिमीटरने टिपा. फरक 10 टक्क्यांच्या आत आणायचा.

प्रकाश भिंतींवर आपटून मिसळावा म्हणून सेलसमोर आतून आरसे लावलेली चौकोनी नळी बसवा: 20 मिमी रुंद, 120 मिमी लांब. अॅल्युमिनियमचे आरसे टाळा, ते नेमका 800 नॅनोमीटरच्या आसपास जास्त प्रकाश शोषतात. चांदीचा लेप घ्या, पण संरक्षक थरासह. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठच्या दमट हवेत उघडी चांदी लवकर काळवंडते. पावसाळ्यात नळी ठेवलेल्या डबीत ओलावा शोषणारं सिलिका जेल हवंच.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. समांतर किरण भिंतींना न लागता सरळ निघून जातात, मग नळी असून नसल्यासारखी. किरण फाकवायला, 10 मिमीच्या बीमसाठी नळीच्या लेसरकडच्या तोंडाशी उणे 15 मिमी फोकल लांबीचं अंतर्गोल भिंग लावा. नळीचं दुसरं टोक सेलपासून 1 मिमीवर ठेवा. अंतर वाढलं की कडा पुन्हा फिक्या पडतात.