हजेरीचं मशीन घ्यायच्या आधी मागच्या तीन महिन्यांचं मस्टर काढा

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आमचं मशीन शॉप, म्हणजे लेथकामाचा कारखाना आहे, तिथे अकाउंट्स आणि एचआर दोन्ही मीच बघते, म्हणजे पगारही मीच काढते आणि पगाराच्या दिवशी बोलणीही मीच खाते. कंपनीचे 38 आणि ठेकेदाराचे 14 असे 52 लोक, तीन शिफ्ट. आजूबाजूच्या गाळ्यांतले दोघं-तिघं सारखं विचारतात की मॅडम बायोमेट्रिक कुठलं घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मॉडेल नंबर सांगणार नाही कारण ते वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, घेताना बघायच्या गोष्टी मात्र त्याच राहतात.

सगळ्यात आधी डीलरला फोन करू नका. मागच्या तीन महिन्यांचं मस्टर काढा, लाल पेन घ्या आणि पगारावरून जिथे जिथे वाद झाला तिथे खूण करा. आमच्या शेठना ठाम वाटत होतं की लोक एकमेकांच्या सह्या मारतात, म्हणून मशीन पाहिजे. खुणा केल्यावर दिसलं की सह्यांचे प्रकार जेमतेम दोन होते, बाकीची सगळी भांडणं ओव्हरटाइमच्या तासांची आणि नाइट शिफ्टची. म्हणजे खर्च करायचा होता तो सॉफ्टवेअरवर, आणि आम्ही महिनाभर फिंगर बरं का फेस बरा याच्यावरच चर्चा करत बसलेलो.

आता बोटांचं सांगते कारण इथे आम्ही स्वतः पैसे घालवलेत. पहिलं मशीन घेतलं तेव्हा डीलरकडचा मुलगा आला, एसी केबिनमध्ये बसून स्वतःचं स्वच्छ बोट ठेवलं, टुंग वाजलं, सगळे खूश. मशीन गेटवर लागलं आणि 52 पैकी 9 जणांची बोटं ते घेईचना. कूलंट, ऑइल, बर म्हणजे धातूच्या कडेचे बारीक काटे, वर परत हात धुवायला रेती-सोडा, लेथवर वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा राहणार कुठून. आमचे टर्नर काका रोज अंगठा आधी पॅन्टला पुसायचे, मग केसांवर घासायचे, मग त्यावर फुंकर मारायचे आणि मागे लाइन थांबलेली. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, मी आलोय हे तुम्हाला दिसतंय ना, मग या डब्याला का पटवून देऊ?" डीलर म्हणाला सेन्सर पुसत जा. पुसला, काही फरक नाही.

तर डेमो केबिनमध्ये घेऊच नका. गेटवर घ्या, शिफ्ट सुटताना घ्या, आणि तुमच्याकडची सगळ्यात खराब पाच बोटं पुढे करा. फिंगरच घेणार असाल तर प्रत्येकाची दोन्ही हातांची मिळून किमान दोन-तीन बोटं रजिस्टर करा, कारण एखाद्या बोटाला पट्टी असतेच. आणि लाइनचा हिशोब करा, माणशी 5 सेकंद धरले तर 60 लोकांना 5 मिनिटं, पण दर चौथ्या माणसाला तीनदा बोट ठेवावं लागलं तर तेच साडेसात मिनिटांवर जाणार.

आम्ही नंतर फेसवर गेलो. बरं चाललंय, पण आमचं गेट पश्चिमेला आहे, संध्याकाळी माणसाच्या पाठीमागून ऊन आलं की मशीनला चेहऱ्याऐवजी काळी सावली दिसायची. मशीन बाजूच्या भिंतीवर आडवं फिरवलं आणि प्रश्न मिटला. पावसाळ्यात छत्री, रेनकोटची टोपी, ओले चेहरे हे सगळं येणारच, तेव्हा शेडच्या आत निदान चार-पाच माणसं कोरडी उभी राहतील अशी जागा बघा. कार्ड स्वस्त आणि झटपट, पण एक जण खिशातून चार कार्डं काढून मारू शकतो एवढं लक्षात ठेवा. ऑफिस छोटं असेल, सगळे एकमेकांसमोर बसत असतील तर कार्डही चालतं.

सर्व्हिसवाली पोरं जी कधी महापे, कधी तळोजा, कधी वागळे इस्टेटला कस्टमरकडे असतात त्यांना गेटवर बोलावण्यात अर्थ नाही, त्यांना मोबाइल अ‍ॅप. फक्त पत्र्याच्या शेडमध्ये लोकेशन इकडेतिकडे उड्या मारतं, त्यामुळे कस्टमरच्या जागेभोवती ज्याच्या आत हजेरी लागते ते वर्तुळ 20-30 मीटरचं ठेवलं तर पोरगा आत उभा असून अ‍ॅप त्याला बाहेर दाखवणार, 100-150 मीटर ठेवा. खोटं लोकेशन दाखवणारी अ‍ॅप्स पकडतं का हेही विचारा. आणि अ‍ॅपचं भाडं माणशी महिन्याला असतं, 50 रुपये ऐकायला काहीच वाटत नाही पण 40 माणसांचे वर्षाचे 24,000 होतात, दरवर्षी.

आता नाइट शिफ्ट. इथे नीट लक्ष द्या. माणूस 11 तारखेला रात्री 11 ला आला, 12 ला सकाळी 7 ला गेला आणि त्या रात्री 11 ला परत कामावर आला. साधं सॉफ्टवेअर तारखेप्रमाणे बघतं, म्हणजे 11 ला आला पण गेलाच नाही, आणि 12 ला सकाळी 7 ला आला आणि रात्री 11 ला गेला, सोळा तास! आमच्या पहिल्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये नाइटचे निम्मे लोक गैरहजर आणि निम्मे लोक सुपरमॅन होते. पगार सात तारखेच्या आत द्यायचा, मी पाच आणि सहाला रात्री दहापर्यंत बसून हाताने एकेक पंच, म्हणजे आल्या-गेल्याची नोंद, जुळवली आणि मग ऐरोलीहून कळव्याला घरी.

म्हणून डेमोला डीलरसमोर बसून तीन केस टाकायला लावा. एक, नाइट. दोन, रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही म्हणून माणूस सलग दोन शिफ्ट थांबला. तीन, सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं. तिन्हींचा रिपोर्ट स्क्रीनवर बघायचा. "हो मॅडम होतं ते" यावर ऑर्डर द्यायची नाही.

सॉफ्टवेअरमध्ये नियम टाकताना कायद्याकडे पण बघा. आठवड्याला 48 तासांच्या वर काम गेलं की ओव्हरटाइम दुप्पट दराने, हे कारखान्याला लागू आहे, तेव्हा ओटी मिनिटांत मोजतं का आणि दुप्पट लावतं का ते तपासा. दुसरं म्हणजे तीन लेट मार्कला हाफ डे, हा नियम सगळीकडे सर्रास चालतो आणि डीलर तो तयारच देतो. पण वेतनाच्या कायद्याप्रमाणे गैरहजेरीची कपात माणूस जेवढा वेळ नव्हता तेवढ्याच प्रमाणात करता येते. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर झाला म्हणून चार तासांचे पैसे कापले आणि कोणी तक्रार केली तर अडचण तुमची. ट्रान्सहार्बर लाइन, म्हणजे ठाण्याहून इकडे येणारी लोकल, बंद पडली की आमचे अर्धे लोक ठाण्याला अडकतात, अशा दिवशी सगळ्यांना एका क्लिकमध्ये सूट देता येते का, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

ठेकेदाराच्या लोकांचा रिपोर्ट वेगळा निघाला पाहिजे. कच्चा डेटा एक्सेलमध्ये तुमच्या हातात आला पाहिजे आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे, नाहीतर डीलरने फोन उचलणं बंद केलं की हजेरी त्याच्याकडे अडकली. लाइट गेल्यावर मशीन किती वेळ चालतं ते बघा. आतला छोटा सेल संपला तर घड्याळ चुकतं, म्हणून आठवड्यातून एकदा मशीनची वेळ मोबाइलशी ताडून बघते मी.

लोकांशी बोलणं हा वेगळाच भाग. आमच्याकडचे यूपी-बिहारचे काही जण अंगठा द्यायलाच तयार नव्हते, गावात कोणाच्या तरी खात्यातून अंगठ्यावर पैसे गेले होते म्हणे. भीती खोटी नाही, आधारच्या अंगठ्यावर तसे फ्रॉड झालेत. त्यांना हिंदीत बसून सांगितलं की या मशीनचा आधारशी काही संबंध नाही, आणि ते ठशाचा फोटो ठेवत नाही, त्यावरून बनवलेला आकड्यांचा कोड ठेवतं. मग मराठी आणि हिंदीत एक पानी संमतीपत्र केलं, सोडून गेलेल्या माणसाचा ठसा-चेहरा त्याच महिन्यात डिलीट करतो असं त्यात लिहिलं, आणि खरंच करतो. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी एवढं करायला पाहिजे.

पहिला महिना मस्टर आणि मशीन दोन्ही चालू ठेवा, पगार मस्टरवरच काढा. रजिस्टर नंतरही फेकू नका, मार्च 2020 ला सरकारी ऑफिसांतसुद्धा बोट लावणं बंद करून सगळे परत सहीवर आले होते. आणि मिस पंच होणारच, त्यासाठी छापील चिठ्ठी ठेवा, त्यावर सुपरवायझरची सही त्याच दिवशी, महिन्याअखेर आणलेली चिठ्ठी मी घेत नाही. चिठ्ठ्यांचं पॅड मशीनच्या शेजारी खिळ्याला दोरीने बांधलंय, पेनासकट. पेन मात्र दर आठवड्याला नवं लागतं.