अक्षर मोठं करू नका, आधी पान मोकळं करा

पावसाळ्यात आमच्या सांगलीत प्रत्येकाला एकच आकडा हवा असतो : आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं? ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. हा आकडा एका ओळीत मावतो. पण बातमीच्या साइटवर तो शोधायला गेलात तर काय होतं बघा. ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ असा मथळा. त्याखाली गेल्या कुठल्यातरी वर्षीचा धरणाचा फोटो. मग ‘आमच्या व्हॉट्सॲप चॅनेलला जॉइन व्हा’. मग बातमीचा एक परिच्छेद, ज्यात मथळाच पुन्हा सांगितलेला. मग जाहिरात, मग ‘हेही वाचा’, आणि एवढ्यात खालच्या कोपऱ्यातून एक व्हिडिओ वर सरकतो आणि बोलायला लागतो. वाचता वाचता वर जाहिरात उघडते आणि धरलेली ओळ खाली पळते. आकडा असतो सहाव्या परिच्छेदात.

मी एका दैनिकात मुद्रितशोधक होतो, आता निवृत्त आहे. कॉलनीतली मंडळी माझ्याकडे फोन घेऊन येतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘जरा अक्षर मोठं करून द्या.’ मी लगेच करून देत नाही. अक्षराबरोबर जाहिरातही मोठी होते, पट्ट्याही मोठ्या होतात आणि पडद्यावर बातमीच्या चारच ओळी उरतात. अक्षराला हात शेवटी लावायचा. आधी पान गप्प करा, मग मोकळं करा.

गप्प करणं सोपं आहे. ‘ताज्या बातम्या मिळवण्यासाठी परवानगी द्या’ अशी चौकट कधीतरी घाईत ‘अलाऊ’ केलेली असते आणि मग दिवसभर फोन टिणटिणतो. क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, तिथून साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. वरचं मुख्य बटणच बंद करा, म्हणजे यापुढे कुणी विचारणारच नाही. खाली आधी परवानगी दिलेल्या साइटची यादी असते, तीही झाडून काढा. या यादीत लोकांना स्वतःलाच माहीत नसलेल्या साइट निघतात. आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंसाठी संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर ‘ऑटोप्ले’ आहे, तिथे आवाज आणि चित्र दोन्ही अडवा. क्रोममध्ये निदान साइटचा आवाज बंद करता येतो : वर टॅबवर उजवी टिचकी, ‘म्यूट साइट’.

आता मोकळं करणं. जवळजवळ प्रत्येक ब्राउझरमध्ये ‘रीडर’ नावाची सोय असते आणि बहुतेकांनी ती कधी उघडलेली नसते. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे कागदासारखं चिन्ह दिसतं. त्यावर टिचकी मारा किंवा विंडोजवर एफ ९ दाबा. मथळा, मजकूर, फोटो एवढंच उरतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही एफ ९ च, तिथे नाव ‘इमर्सिव्ह रीडर’. संगणकावरच्या क्रोममध्ये ‘मोअर टूल्स’मध्ये ‘रीडिंग मोड’ आहे, तो मजकूर बाजूच्या पट्टीत उघडतो. मला तो फारसा आवडत नाही, कारण मूळ पानाची जत्रा शेजारी चालूच राहते. आयफोनवर सफारीत पत्त्याच्या पट्टीच्या कडेच्या बटणातून ‘शो रीडर’. तिथेच त्या साइटच्या सेटिंगमध्ये रीडर कायमचा चालू ठेवायची सोय आहे. ज्या दैनिकाची साइट रोज बघता तिच्यासाठी एकदा चालू करून ठेवा, पुन्हा बघायला नको. अँड्रॉइडवर मी सरळ फायरफॉक्स घालून देतो.

रीडरला कळतं कसं की बातमी कुठली आणि कचरा कुठला? हे समजून घेतलं तर तो कुठे फसतो तेही कळतं. आर्क९० या अमेरिकेतल्या कंपनीनं २००९ मध्ये ‘रीडेबिलिटी’ नावाचं छोटंसं साधन काढलं. ॲपलनं पुढच्याच वर्षी सफारीत आणलेला रीडर आणि आजचा फायरफॉक्सचा रीडर, दोन्ही त्याच वंशातले. हे साधन पानातल्या परिच्छेदांना गुण देतं. परिच्छेद लांब असेल तर गुण, आणि गंमत म्हणजे स्वल्पविराम असतील तर जादा गुण! जाहिरातीत, बटणात, यादीत स्वल्पविराम क्वचितच असतात, खऱ्या गद्यात असतात, एवढं साधं गणित. (स्वल्पविरामांवरून उपसंपादकांशी आयुष्यभर भांडलेल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटलं असेल!) २५ अक्षरांपेक्षा छोटा परिच्छेद तर तो हिशेबातच धरत नाही.

म्हणूनच साइटच्या पहिल्या पानावर रीडर चालत नाही, तिथे नुसते मथळे असतात. फोटो गॅलरीत चालत नाही. आणि सुट्या छोट्या ओळींत किंवा तक्त्यात दिलेली माहिती कधीकधी गळून पडते. धरणांचा पाणीसाठा, बाजारभाव, निकालाचे आकडे असं काही वाचत असाल तर मूळ पानही एकदा बघून घ्या. नुसता आकडाच हवा असेल तर ‘पानात शोधा’ वापरा : संगणकावर कंट्रोल आणि एफ, अँड्रॉइड फोनवर तीन ठिपक्यांच्या यादीत ‘फाइंड इन पेज’. तिथे ‘फूट’ टाकू नका, कारण बातमीत ‘फुटांवर’ असा ऱ्हस्व उकार असतो आणि यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘आयर्विन’ टाका.

पहिलं पान तर टाळाच. आपल्या जिल्ह्याचा जो विभाग असतो त्याचा बुकमार्क करून ठेवा आणि तिथूनच आत शिरा.

आता कुठे अक्षराची पाळी. देवनागरीला इंग्रजीपेक्षा उभी जागा जास्त लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पायमोडकी जोडाक्षरं. एकाच मापात इंग्रजी आणि मराठी छापलं तर मराठीचा मधला भाग बारीक दिसतो. त्यात ओळींमधली मोकळी जागा, ज्याला आम्ही छापखान्यात लेडिंग म्हणायचो, ती इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलेली असली की वरच्या ओळीतल्या ‘मृत्यू’चे पाय खालच्या ओळीतल्या ‘सर्वांनी’च्या रफाराला जाऊन टेकतात. डोळ्यांना शिणवटा येतो तो बऱ्याचदा यामुळे. अक्षर कितीही वाढवलं तरी ही टक्कर तशीच राहते, कारण सगळंच त्याच प्रमाणात वाढतं. म्हणून संगणकावर रीडर उघडल्यावर त्याच्या इंग्रजी ‘ए’सारख्या चिन्हात जाऊन आधी ओळींमधलं अंतर वाढवा. वेबसाठीच्या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही अक्षराच्या दीडपट अंतर सांगितलेलं आहे. मराठीला मी त्याहून थोडं जास्तच देतो. मग संगणकावर ओळीची रुंदी कमी करा, वर्तमानपत्राच्या दोन कॉलमांएवढी. अक्षर सगळ्यांत शेवटी, एकेक पायरी वाढवत. इतकं केल्यावर बहुतेकांना दोन पायऱ्या पुरतात.

रंगांत माझं मत ठाम आहे : फिकट पिवळसर पार्श्वभूमी, काळं अक्षर. काळ्या पडद्यावर पांढरी देवनागरी मला तरी सोसत नाही, जोडाक्षरांतल्या बारीक पोकळ्या भरून आल्यासारख्या दिसतात. तुम्हाला चालत असेल तर खुशाल ठेवा.

संगणक वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खोलातली जागा आहे. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्ट, तिथे ‘ॲडव्हान्स्ड’. वर भाषेची यादी येते, तीत ‘देवनागरी’ निवडा. इथे मराठीसाठी वेगळा फॉन्ट आणि कमीत कमी माप ठरवता येतं. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्त’, दोन्ही फुकट मिळतात, घालून बघा. किमान माप १८ ठेवा. हेच माप ‘लॅटिन’ निवडूनही ठेवा, कारण कित्येक मराठी साइटच्या पोटात पानाची भाषा इंग्रजी अशीच नोंदलेली राहून गेलेली असते. साइटला स्वतःचा फॉन्ट वापरू देण्याची खालची खूण काढलीत तर सगळीकडे तुमचाच फॉन्ट येईल. काही ठिकाणी चिन्हांऐवजी चौकोन दिसतील, तेवढं चालवून घ्या.

जाहिराती अडवणाऱ्या साधनांबद्दल सगळे विचारतात. माझा पगार जाहिरातींतूनच निघायचा, त्यामुळे मी सरसकट अडवत नाही. फायरफॉक्समध्ये, अगदी अँड्रॉइडवरच्यासुद्धा, यूब्लॉक ओरिजिन घालता येतं. त्यात विजेच्या चिन्हाचं एक बटण असतं. ते दाबून समोरच्या अडचणीवर बोट ठेवलं की ती तेवढ्यापुरती नाहीशी होते. पडद्याला चिकटून बसणाऱ्या पट्ट्या आणि सरकते व्हिडिओ मी असे उडवतो, बाकीच्या जाहिराती राहू देतो. आणि जे दैनिक रोज वाचता त्याची डिजिटल वर्गणी असेल तर ती भरा की.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना किंवा स्वयंपाक करता करता बातम्या हव्या असणाऱ्यांना मी एज सुचवतो. त्यात कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबलं की पान वाचून दाखवतं. मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. या आवाजांना इंटरनेट मात्र लागतं. आधी रीडर उघडा आणि मगच वाचायला लावा, नाहीतर आरोही मोठ्या गांभीर्यानं ‘हेही वाचा’ची अख्खी यादी वाचून दाखवते.

ई-पेपरला यातलं जवळजवळ काहीच लागू होत नाही. छापील पानाचंच ते चित्र, त्यामुळे रीडर नाही, फॉन्ट नाही, अंतर नाही. बऱ्याच ई-पेपरमध्ये बातमीवर टिचकी मारली की तेवढंच कात्रण वेगळं उघडतं. ते उघडा, फोन आडवा धरा आणि एकेक कॉलम वरून खाली वाचत या.