जुन्या डेस्कटॉपची रॅम ओळखायला निघताना

गुहागर-दापोलीकडच्या एखाद्या शाळेतला किंवा वाचनालयातला वीस-पंचवीस वर्षांचा डेस्कटॉप उघडायचा असेल, तर पिशवी घरीच नीट भरा. राहिलेली वस्तू आणायला चिपळूण गाठायचं म्हणजे दिवस गेलाच. आणि तिथे बसून 'बसते का बघू' हा प्रकार अजिबात नको. रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीची पट्टी, आधी ओळखायची, मगच स्लॉटला, म्हणजे ती बसते त्या खोबणीला, हात लावायचा.

हत्यारं थोडीच लागतात. फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, भिंग, सहा इंची मोजपट्टी, मऊ ब्रश, पांढरा खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. खोडरबराला हसू नका. समुद्राच्या खाऱ्या हवेत रॅमच्या पिना, म्हणजे तिच्या कडेचे धातूचे पट्टे, काळवंडतात, कधी कडेला हिरवट थर धरतो, आणि 'मेलेली' म्हणून काढलेल्या रॅममधल्या कितीतरी नुसत्या घासल्यावर उठतात. मात्र घासणं कॅबिनेटपासून लांब, नाहीतर रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊन नवं दुखणं. कॅबिनेट पडवीतच उघडा. आत कुंभारणीचं मातीचं घर, पालीची अंडी, मुंग्या, काहीही निघतं. पॉवरची वायर आधी काढा आणि रॅमला हात लावण्यापूर्वी तो कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा. पावसाळ्यात स्थिर विजेची भीती कमी, पौष-माघातल्या कोरड्या सकाळी जास्त.

माझ्या पिशवीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे खरोखर मेलेल्या रॅम, प्रत्येक जातीची एक. त्या फेकू नका. अनोळखी रॅम आली की तिच्या पाठीला यातली एक लावायची आणि उजेडासमोर धरायची. पिनांच्या कडेतल्या खाचा जुळल्या तर जात तीच. डीडीआर२ आणि डीडीआर३, म्हणजे डीडीआर रॅमच्या पुढच्या दोन पिढ्या, दोन्ही २४० पिनांच्या, लांबीही एकच, दिसायला फरक फक्त खाचेच्या जागेचा. पण एक १.८ व्होल्टवर चालते, दुसरी १.५ वर, म्हणून जोर लावून बसवणं महागात जातं. मोजपट्टी त्याहून जुन्या मालाला उपयोगी: साधारण ९ सेंटिमीटर भरली तर ३० पिनांची सिम (जुन्या काळची आखूड रॅम, मोबाइलचं सिम नव्हे), पावणेअकरा भरली तर ७२ पिनांची. १३.३ भरली तर मोजपट्टी ठेवा आणि खाचा मोजा. दोन असतील तर बहुधा १६८ पिनांची एसडीरॅम (डीडीआरच्या आधीची पिढी), एक असेल तर डीडीआर किंवा तिच्या पुढच्या पिढ्या.

'बहुधा' म्हणण्याचं कारण रॅमबस ही रॅमची वेगळीच जात. २००० च्या अखेरीस पेंटियम ४ प्रोसेसर आला तेव्हा त्याच्या मदरबोर्डांवर हीच रॅम, रिम नावाच्या पट्टीवर, असायची. तिच्याही पिना डीडीआरसारख्या १८४, पण खाचा दोन, मध्याजवळ, आणि चिपांवर बहुतेक पत्र्याचं झाकण. त्या बोर्डांवर ती जोडीनेच लावावी लागते. उरलेल्या स्लॉटांत एकही चिप नसलेली, नुसत्या रेघा असलेली पाटी दिसेल. ती निकामी समजून काढलीत तर मशीन उठणार नाही. सिग्नल पुढे नेणं हेच तिचं काम. पहिल्या पेंटियमच्या काही बोर्डांवर रॅमसारखंच दिसणारं छोटं कार्ड असतं, ती रॅम नव्हेच, कॅश मेमरी, म्हणजे प्रोसेसरची वेगळी जलद मेमरी आहे. तिला रॅमच्या ढिगात टाकू नका.

चिपा मोजायच्याच. एका बाजूला आठऐवजी नऊ म्हणजे ईसीसी (चूक पकडून सुधारणारी), जुन्या सिमवर पॅरिटी (चूक नुसती पकडणारी). मधोमध आणखी एक-दोन वेगळ्या चिपा आडव्या-उभ्या दिसल्या तर ती रजिस्टर्ड, सर्व्हरची; साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. लेबल शाबूत असेल तर 'पीसी'ने सुरू होणाऱ्या आकड्याला लागून असलेलं अक्षर वाचा: यू म्हणजे साधी, ई म्हणजे ईसीसी, आर म्हणजे रजिस्टर्ड, एफ म्हणजे फुली बफर्ड, तीही सर्व्हरचीच. जुन्या बाजारात लेबलं बदललेलीही असतात, म्हणून चिपांवरचा नंबर भिंगाखाली वाचून कागदावर उतरवा.

सिम असेल तर संख्याही बघा. ४८६ प्रोसेसरच्या मशीनला ३० पिनांच्या चार एकदम लागतात, पेंटियमला ७२ पिनांच्या दोन. काढताना दोन्ही बाजूंचे कान नखानेच सोडवा. प्लास्टिकचे असले तर इतक्या वर्षांनी कडकडीत झालेले असतात, तुटला की स्लॉट गेला.

४४०बीएक्स चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपांच्या संचाच्या) बोर्डावर २५६ एमबीची रॅम १२८ दाखवत असेल, तर ती खराब नाही. आठ मोठ्या चिपांची रॅम त्या चिपसेटला अर्धीच कळते, सोळा चिपांची पूर्ण कळते.

तपासणीला मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम सीडीवर आणि फ्लॉपीवरही घ्या. या वयाची बरीच मशीनं पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत. पूर्ण फेरीला वेळ लागतो, तेव्हा वीज कधी जाते ते आधी तिथल्या माणसाला विचारा, मगच लावा आणि जेवायला जा.