जुन्या धाटणीचे हाय-टॉप बास्केटबॉल बूट निवडताना

घोटा झाकणारे हे बूट आता मैदानापेक्षा कॉलेजात आणि लग्नाच्या वरातीत अधिक दिसतात. म्हणून ते दिवसातले किती तास आणि कोणत्या वाटेवर पायात राहणार आहेत, हे विकत घेण्यापूर्वी ठरवावे.

त्यानंतर बुटाची घडण पाहावी. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ सालचा असून कॅनव्हास आणि सपाट रबरी तळ ही त्याची रचना आजही बव्हंशी तशीच आहे. त्याचे देखणेपण या साधेपणात आहे, मात्र टाचेखाली आणि पायाच्या कमानीखाली त्यात फारसा आधार नसतो. नाइकीच्या १९८२ सालच्या एअर फोर्स वनमध्ये टाचेखाली हवेची गादी आली, पण तो बूट जड असतो आणि त्याचे चामडे उन्हाळ्यात तापते. कॅनव्हासची मऊ कॉलर, म्हणजे घोट्याभोवतीचा वरचा भाग, पाय मुरगळू देणार नाही, असे मात्र कोणी समजू नये.

माप संध्याकाळी, रोजचेच मोजे घालून पाहावे, कारण दिवसभराच्या चालण्याने आणि उष्म्याने पाय थोडा फुगलेला असतो. ऑल स्टार सहसा अर्ध्या नंबराने मोठा येतो. आत वेगळा इनसोल (पायाखालचा सुटा थर) घालायचा असेल तर तो दुकानात सोबत न्यावा. जाड इनसोलने पाय वर उचलला जातो, टाच सुटू लागते आणि कॉलरची कड घोट्याच्या हाडावर घासते.

विदर्भात यापुढचा निर्णय हवामानच करते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा आतल्या बाजूला हवेसाठी दोन भोके असलेला कॅनव्हासचा बूट चामड्यापेक्षा सुसह्य ठरतो. पण पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती तळाच्या नक्षीत गच्च बसते, बूट जड होतो, आणि झड लागली की भिजलेले कॅनव्हास लवकर वाळत नाही. ज्यांना रोज अशा वाटेने एसटीच्या थांब्यापर्यंत जावे लागते त्यांनी पावसाळ्यात प्लास्टिकच्या चपला वापराव्यात आणि हे बूट कोरड्या दिवसांसाठी राखावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढरा रंग कितीही मोहक वाटला तरी या मातीत तो टिकत नाही.

आणखी एक अडचण दुकानात लक्षात येत नाही. आपल्याकडे घर, देऊळ, लग्नाची पंगत, सगळीकडे पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि घोट्यापर्यंतच्या लेस दर वेळी सोडणे जिकिरीचे होते. यासाठी वरच्या दोन-तीन जोड्या भोकांत लेस ओवूच नये. बूट पटकन निघतो, कॉलर सैल राहून हवा खेळते आणि रूपातही फारसे उणे येत नाही. खेळताना मात्र लेस शेवटपर्यंत ओवून घट्ट बांधावी.