अंटार्क्टिकाला मेकॅनिकही लागतात

अंटार्क्टिका म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना वाटतं, ते शास्त्रज्ञांचं काम. पण तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात एकेका तळावर जी वीस-पंचवीस माणसं राहतात, त्यांतली बरीचशी आपल्याच जातकुळीची असतात: जनरेटरवाले, गाड्यांचे मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, आचारी. भारताचे सध्या दोन तळ चालू आहेत, १९८९चा मैत्री आणि २०१२चा भारती. या मोहिमा चालवणारी संस्था, एनसीपीओआर, दिल्ली-मुंबईत नाही, गोव्यात वास्कोला हेडलँड सड्यावर आहे. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मडगाव गाठायचं, की पुढे वास्को जवळच.

मी मैत्रीवर जनरेटर मेकॅनिक होतो. आधीची सगळी वर्षं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांवर गेली.

कंत्राटी पदांची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते. वयाची अट आणि किती वर्षांचा अनुभव हवा ते त्यातच पाहा, मित्राने सांगितलेलं धरून बसू नका. ‘आत ओळख आहे’ म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

आपल्या पोरांचं घोडं अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आपण इंजिनं उतरवून ओव्हरहॉल करतो, पैसे रोख मिळतात, कागद कसलाच नसतो. ट्रॉलरचा शेठ म्हणतो, “पत्र कशाला? मी सांगतो ना फोनवर!” फोनवर काही होत नाही. लेटरहेडवर लिहून घ्या: कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या कंपनीचं इंजिन, किती हॉर्सपॉवर, नेमकं काय काम. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळला असेल तर तेही वेगळं घ्या. हे काम आजपासून सुरू करा, जाहिरात आल्यावर शेठ हमखास गावाला गेलेला असतो.

मुलाखतीत पुस्तकी व्याख्या फारशा विचारल्या नाहीत. एक प्रश्न आठवतो: लोडवर जनरेटर सेट काळा धूर टाकतोय, कुठून सुरुवात कराल? मी म्हटलं, आधी लोड बघेन, मग एअर फिल्टर, मग इंजेक्टर. लगेच पुढचा प्रश्न, इंजेक्टर खराब निघाला आणि स्टोअरमध्ये नाही, तर? इथे फुशारकी मारू नका. दुसऱ्या सेटवर लोड घेईन, गरजेचं नाही ते बंद करायला लावेन आणि तळप्रमुखांना लगेच सांगेन, असं मी म्हटलं. हिवाळ्यात जहाज येत नाही, सुटा भाग मागवायला दुकान नाही. त्यांना हेच तपासायचं असतं, असं माझं मत.

निवड झाली की दिल्लीला एम्समध्ये तपासणी. किडलेले दात आधीच नीट करून घ्या. मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीकडे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे, बर्फात चालण्याचं प्रशिक्षण. समुद्रकाठच्या माणसाची तिथे चांगलीच जिरते, पण जमतं.

तिथलं काम ओळखीचं, थंडी मात्र खोड्या काढते. साधं डिझेल मेण धरून फिल्टर चोंदवतं, म्हणून थंडीला चालणारं इंधन वापरतात. बॅटरी मान टाकते, रबरी होज कडक होऊन तडकतात. उघड्या हाताने पाना धरलात तर कातडी चिकटते. हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला तरी विजेचा झटका बसतो. आपल्या दमट हवेत वाढलेल्याला हे खरं वाटत नाही. मे अखेरीपासून दोनेक महिने सूर्य उगवतच नाही. त्या काळात एकमेकांच्या खोकण्याचाही राग येतो, हेही आधीच ठाऊक असू द्या. स्वयंपाकघरातली पाळी सगळ्यांना असते, शास्त्रज्ञालाही भांडी चुकत नाहीत. ज्याला घरी ताट उचलायची सवय नाही, त्याने ती आत्ता लावून घ्यावी.

आणि पासपोर्ट. मैत्रीला जायचं ते केपटाऊनवरून, तेव्हा अर्ज करण्याआधीच तो काढून ठेवा. पोलीस पडताळणी गणपतीच्या दिवसांत आली, तर मात्र बसा वाट बघत.